रोममधील सान क्लेमेंते : तीन स्तर व तीन समजुती

रोम येथील कलोसियमपासून लॅटरनच्या प्रधान चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कीलियन व ऑपियन या दोन टेकड्यांमधील सखल भागात, संत क्लेमेंट याच्या नावाचे एक चर्च आहे. इटालियन भाषेत त्यास सान क्लेमेंते असे म्हणतात. रस्त्यावरून पाहणाऱ्यास त्याचे महत्त्व सहसा कळत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी पोप अकरावा क्लेमेंट याच्या कारकीर्दीत या वास्तूचे नूतनीकरण झाले आणि तिच्या बाह्यांगास त्या काळास रुचणारे रूप मिळाले. परंतु चर्चच्या बाजूस असलेल्या जिन्याने खाली उतरणाऱ्या अभ्यासकास प्रथम एक दुसरे, अधिक प्राचीन व अधिक विस्तृत चर्च लागते. आणि तेथून पुन्हा खाली उतरल्यावर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन इमारती, त्यांमधील अरुंद बोळ आणि मिथ्र देवतेचे उपासनागृह दृष्टीस पडते. सुमारे अकरा शतकांचा इतिहास येथे एकावर एक रचलेला आहे.

या स्थळाचे वर्णन प्रवासवृत्तांतांतून व मार्गदर्शिकांतून वारंवार येते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्याचे महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटावयास हवे. सान क्लेमेंतेविषयी विद्वानांच्या व भाविकांच्या मनांत तीन समजुती रूढ होत्या. वर दिसणारे चर्च हेच चौथ्या शतकातील मूळ चर्च होय, ही पहिली. नॉर्मन सैन्याने लावलेल्या आगीत जुने चर्च नष्ट झाले, ही दुसरी. संत क्लेमेंटच्या राहत्या घरावर हे चर्च उभारले गेले, ही तिसरी. या तिन्ही समजुतींना लिखित साधनांचा काही ना काही आधार होता. त्यांपैकी एकही निव्वळ कपोलकल्पित नव्हती. असे असता पहिली पूर्णतः खोटी ठरली, दुसरी टिकू शकली नाही आणि तिसरी अद्याप सिद्ध झालेली नाही. लिखित साधन व भौतिक अवशेष यांचा परस्परसंबंध कसा जोडावा, याचा इतका बोधप्रद वस्तुपाठ क्वचितच आढळेल.

१. वरचा स्तर

सध्या उपयोगात असलेल्या चर्चमध्ये प्रवेश केल्यावर मध्यदालनात संगमरवरी कठड्यांनी वेढलेले गायकवृंदाचे आवार दिसते. त्यामागे वेदी, वेदीवरील छत्र, अर्धवर्तुळाकार गाभारा आणि गाभाऱ्याच्या घुमटीवर सोनेरी पार्श्वभूमीचे रंगीत काचखड्यांचे चित्र आहे. मध्यभागी क्रूस, त्यावर बारा शुभ्र कबुतरे आणि क्रूसाच्या पायथ्यापासून निघून सर्व पृष्ठभाग व्यापणारी वेल, असा या चित्राचा विषय आहे. चर्चच्या पुढील बाजूस स्तंभयुक्त ओवऱ्यांनी वेढलेले अंगण आहे. अंगण, स्तंभांच्या रांगा, गायकांचे आवार व गाभारा हे सर्व घटक एकत्र पाहावयास मिळत असल्यामुळे प्रारंभकालीन ख्रिस्ती चर्चची रचना कशी असे, हे सांगण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सान क्लेमेंतेचेच उदाहरण देण्यात येई.

या समजुतीस पुरावा होता. संत जेरोम याने इ. स. ३९२–३९३ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या चरित्रसंग्रहात, रोममध्ये बांधलेले एक चर्च क्लेमेंटच्या नावाची स्मृती आजतागायत जतन करीत आहे, अशा अर्थाचा उल्लेख केला आहे. इ. स. ४१७ मध्ये पोप झोसिमस याने पेलेजियसचा अनुयायी सेलेस्टियस याच्या मतांची चौकशी याच चर्चमध्ये केली. इ. स. ४९९ च्या रोम येथील धर्मसभेस क्लेमेंटच्या चर्चचे धर्मगुरू उपस्थित होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने येथे प्रवचने दिली. उल्लेखांची ही साखळी अखंड होती. शिवाय गायकवृंदाच्या कठड्यावर पोप दुसरा जॉन याच्या नावाची अक्षरमुद्रा कोरलेली होती. या पोपची कारकीर्द इ. स. ५३३ ते ५३५ अशी असून त्याचे मूळ नाव मर्क्यूरियस होते. पोपपदी येण्यापूर्वी तो याच चर्चचा धर्मगुरू होता. रोमन देवतेचे नाव पोपला शोभणार नाही म्हणून त्याने ते बदलले. ज्या चर्चमध्ये सहाव्या शतकातील कठडा उभा आहे ते चर्च सहाव्या शतकाच्या पूर्वीचेच असले पाहिजे, असा तर्क कोणीही केला असता.

या तर्कातील दोष १८५७ मध्ये उघड झाला. हे चर्च १६७७ पासून आयरिश डॉमिनिकन संन्याशांच्या ताब्यात आहे. त्यांचा मठाधिपती जोसेफ मलूली याने १८५७ मध्ये चर्चच्या खाली उत्खनन सुरू केले. ख्रिस्ती पुरातत्त्वाचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी या विद्वानाचे लक्ष या शोधाकडे लागून राहिले होते. उत्खननात वरच्या चर्चखाली दुसऱ्या चर्चच्या भिंती, स्तंभ व भित्तिचित्रे सापडू लागली. आणि जेरोम, झोसिमस व ग्रेगरी यांचे चर्च ते हे, वरचे नव्हे, असा निष्कर्ष अपरिहार्य झाला.

मग सहाव्या शतकातील कठडा बाराव्या शतकातील वास्तूत कसा आला? उत्तर सरळ आहे. नवे चर्च बांधताना जुन्या चर्चमधील कठड्याच्या शिळा काढून वर आणण्यात आल्या व पुन्हा जोडण्यात आल्या. गाभाऱ्यातील धर्मासनाच्या पाठीसाठी वापरलेली शिळाही अशीच जुनी असून तिच्यावर ‘हुतात्मा’ या अर्थाचा लॅटिन शब्द मोठ्या अक्षरांत शिल्लक आहे. त्याच आसनावर, याच चर्चचा कार्डिनल अनास्तासियस याने हे काम आरंभून पूर्ण केले, असा लेखही आहे. म्हणजे वास्तूचा खरा निर्माता आपले नाव स्पष्टपणे लिहून गेला होता. परंतु कठड्यावरील अधिक प्राचीन अक्षरमुद्रेपुढे त्याच्या लेखाचा अर्थ केवळ दुरुस्तीपुरता घेण्यात आला. वास्तूतील एखाद्या वस्तूचे वय म्हणजे वास्तूचे वय नव्हे, हा साधा नियम येथे विसरला गेला होता. एखाद्या वास्तूचा काळ तिच्यातील सर्वांत जुन्या घटकावरून ठरत नाही. ती ज्याच्या पूर्वी पूर्ण होऊ शकली नसती अशा सर्वांत नव्या मूळ घटकावरून तो ठरतो.

२. मधला स्तर

खालच्या चर्चमध्ये उतरल्यावर त्याचे मूळ रूप कल्पनेनेच उभे करावे लागते. त्याचे मध्यदालन वरच्या चर्चच्या मध्यदालनापेक्षा बरेच रुंद होते. वरच्या चर्चची एक स्तंभरांग पेलण्यासाठी बांधलेली भिंत या जुन्या मध्यदालनातून लांबवर जाते व त्याचे दोन भाग करते. मूळ स्तंभांमधील मोकळ्या जागाही विटांनी बुजविलेल्या आहेत. त्यामुळे पूर्वी प्रकाशमान असलेले प्रशस्त दालन आज एकापुढे एक जाणाऱ्या अंधाऱ्या मार्गिकांसारखे भासते. तथापि हे चर्च ‘भूमिगत’ म्हणून कधीच बांधले गेले नव्हते, हे ध्यानात ठेवावयास हवे. ते आपल्या काळी जमिनीवरच उभे होते. दोन टेकड्यांमधील या सखल भागात शतकानुशतके गाळ, राडारोडा व पडीक बांधकामे यांची भर पडत गेली, रस्त्याची पातळी उंचावली आणि चर्च खोलात गेले.

येथील भित्तिचित्रे मध्ययुगीन रोमच्या इतिहासाचे अत्यंत मोलाचे साधन आहेत. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या एका चित्रात पोप चौथा लिओ (इ. स. ८४७–८५५) याच्या मस्तकामागे चौकोनी प्रभामंडळ दाखविले आहे. हयात व्यक्तीसाठी चौकोनी व संतासाठी वर्तुळाकार प्रभामंडळ, असा त्या काळचा संकेत होता. म्हणून त्या चित्राचा काळ आपोआप निश्चित होतो. त्यानंतर सुमारे पंधरा-वीस वर्षांनी, स्लाव्ह लोकांना ख्रिस्ती धर्म व लिपी देणारे सिरिल व मेथोडियस हे बंधू रोमला आले. क्रिमियातील खेर्सोन येथे आपणास संत क्लेमेंटचे अवशेष सापडल्याचे सांगून त्यांनी ते पोप दुसरा एड्रियन याच्या स्वाधीन केले. सिरिल १४ फेब्रुवारी ८६९ रोजी रोममध्येच मरण पावला आणि त्याचे दफन याच चर्चमध्ये झाले. म्हणूनच खालच्या चर्चमधील त्याचे दफनस्थान पूर्व युरोपातील अनेक राष्ट्रांच्या यात्रेकरूंना पूज्य आहे.

अकराव्या शतकाच्या अखेरीस बेनो दे रापिझा व त्याची पत्नी मारिया या गृहस्थी दांपत्याने आपल्या खर्चाने काही चित्रे काढवून घेतली. एका चित्रात, समुद्रतळावरील क्लेमेंटच्या समाधिमंदिरात वर्षभर राहिलेले बालक सुखरूप सापडल्याची कथा आहे. त्याखाली हे दांपत्य मुलांसह हाती भेटी घेऊन उभे आहे. दुसऱ्या एका चित्रात सिसिन्नियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची कथा आहे. पत्नी ख्रिस्ती उपासनेस जाते म्हणून संतापलेला सिसिन्नियस क्लेमेंटला पकडण्याची आज्ञा देतो. पण सेवकांना भ्रम होतो व ते क्लेमेंट समजून एक जड स्तंभच ओढू लागतात. या सेवकांना उद्देशून सिसिन्नियसने काढलेले शिवराळ उद्गार चित्रात लिहिलेले आहेत, आणि ते लॅटिनमध्ये नसून रोमच्या सामान्य लोकांच्या बोलीत आहेत. संताच्या तोंडी मात्र लॅटिन आहे, मग ते व्याकरणदृष्ट्या सदोष का असेना. इटालियन लोकभाषेच्या अत्यंत प्राचीन लेखांमध्ये या ओळींची गणना होते. चित्रकाराला अथवा दात्याला धर्मभाषा व बाजारभाषा यांतील अंतराची पूर्ण जाणीव होती आणि त्या अंतराचा विनोदासाठी उपयोग करण्याचे धाष्टर्य त्याने चर्चच्या भिंतीवर दाखविले, ही गोष्ट भाषेच्या इतिहासाइतकीच समाजाच्या इतिहासालाही महत्त्वाची आहे.

परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या चित्राचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. त्याचा सर्वांत वरचा पट्टा अर्धवट कापला गेला आहे. त्यातील व्यक्तींची शरीरे दिसतात, मस्तके नाहीत. चित्र पूर्ण झाल्यानंतर भिंतीचा वरचा भाग पाडण्यात आला व उरलेल्या भागाच्या माथ्यावर नव्या चर्चची जमीन घालण्यात आली, हे यावरून प्रत्यक्ष दिसते. येथे दुसऱ्या समजुतीचा प्रश्न उपस्थित होतो.

इ. स. १०८४ मध्ये सम्राट चौथा हेन्री याने पोप सातवा ग्रेगरी यास रोममध्ये कोंडले असता, दक्षिण इटलीतील नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार्ड पोपच्या सुटकेसाठी सैन्यासह आला. त्याच्या सैनिकांनी शहर लुटले व विशेषतः कलोसियम व लॅटरन यांमधील वस्तीस आगी लावल्या. ही घटना समकालीन वृत्तांतांवरून निर्विवाद आहे. सान क्लेमेंते नेमके याच भागात उभे असल्यामुळे खालचे चर्च १०८४ मध्ये जळाले व म्हणून त्यावर नवे बांधले गेले, असे अनुमान उत्खननानंतर सर्वत्र मान्य झाले आणि पुष्कळ काळ ग्रंथांतून निःशंकपणे सांगितले जात राहिले.

या अनुमानास तीन आक्षेप आहेत. पहिला असा की, खालच्या चर्चमध्ये ते भस्मसात करणाऱ्या आगीच्या खुणा आढळत नाहीत. चित्रांचे रंग व अक्षरे विलक्षण सुस्थितीत आहेत. दुसरा आक्षेप लिखित साधनांतूनच निघतो. या चर्चचा कार्डिनल रायनेरियस हा १३ ऑगस्ट १०९९ रोजी पोप म्हणून निवडला गेला व त्याने दुसरा पास्काल हे नाव धारण केले. ही निवडणूक सान क्लेमेंतेमध्येच झाली. आगीनंतर पंधरा वर्षांनी ज्या चर्चमध्ये पोपची निवडणूक होऊ शकते ते चर्च निरुपयोगी भग्नावशेष असणे संभवत नाही. तिसरा आक्षेप भिंतींचा आहे. अकराव्या शतकाच्या अखेरची चित्रे मूळ रचनेवर नाहीत. स्तंभांमध्ये व प्रवेशदालनाच्या कमानींमध्ये आधारासाठी मागाहून बांधलेल्या विटांच्या भिंतींवर ती काढलेली आहेत. म्हणजे वास्तू खचत होती, तिला टेकू द्यावे लागत होते, आणि तरीही ती वापरात होती व लोक तिच्या सजावटीसाठी द्रव्य देत होते.

जोन बार्कले लॉइड या विदुषीने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मध्ययुगीन चर्च व त्यालगतची मठवास्तू यांच्या अभ्यासात बांधकामाच्या पद्धतीचे बारकाईने परीक्षण केले आहे. नवे चर्च बाराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात उभे राहिले, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. त्याची कारणे जुन्या वास्तूचे दौर्बल्य, सभोवतीच्या जमिनीची वाढलेली उंची आणि सुधारणावादी पोपसत्तेची प्राचीन वैभव पुनःस्थापित करण्याची आकांक्षा यांत शोधावी लागतात. पास्काल स्वतः याच चर्चमधून पोपपदी गेला होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. नॉर्मनांची आग ही घटना खरी. ती याच प्रदेशात घडली हेही खरे. परंतु ती या वास्तूच्या अंताचे कारण होती, हे मात्र त्यावरून निष्पन्न होत नाही. स्थळ व काळ यांची जवळीक म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

३. खालचा स्तर

मधल्या स्तरावरून आणखी खाली गेल्यावर हवा थंड व दमट होते आणि वाहत्या पाण्याचा आवाज कानी पडू लागतो. हे पाणी पूर्वी संशोधनातील मोठा अडथळा होते. एकोणिसाव्या शतकात येथपर्यंत उत्खनन पोहोचले खरे, पण लवकरच पाण्याने हा स्तर व्यापला व पुढील अभ्यास अशक्य झाला. अखेर १९१२ ते १९१४ या काळात डॉमिनिकन संन्यासी लुई नोलन याच्या प्रयत्नाने सुमारे ७०० मीटर लांबीचा भूमिगत बोगदा खणण्यात आला आणि हे पाणी रोमच्या प्राचीन महागटाराच्या मार्गास जोडून देण्यात आले. आज तेथे उभे राहून अवलोकन करता येते ते या बोगद्यामुळे.

या स्तरावर दोन इमारती आहेत व त्यांच्यामध्ये माणूस जेमतेम जाऊ शकेल असा बोळ आहे. दोन्ही इमारती इ. स. ६४ च्या प्रसिद्ध अग्निप्रलयानंतरच्या असून त्या आगीत नष्ट झालेल्या बांधकामांचे अवशेष त्यांच्याही खाली भरावात दडलेले आहेत. पहिली इमारत मोठी, आयताकार, टफा दगडाच्या भक्कम चिऱ्यांनी बांधलेली असून तिच्या आत भिंतीलगत लहान खोल्यांची रांग आहे. हे सार्वजनिक कोठार असावे अथवा राज्याची टांकसाळ असावी, अशी दोन मते आहेत. टांकसाळीतील कामगारांनी इ. स. ११५ मध्ये अर्पण केलेले लेख याच परिसरात मिळाल्यामुळे दुसऱ्या मतास बळ येते. तथापि इमारतीच्या आत टांकसाळीचा निर्णायक पुरावा नाही. दुसरी इमारत विटांची असून ती निवासी स्वरूपाची दिसते. तिच्या अंगणाचे रूपांतर दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अथवा तिसऱ्याच्या आरंभी मिथ्र देवतेच्या उपासनागृहात झाले. बुटके, गुहेसारखे कमानी छत, दोन्ही बाजूंस भक्तांनी भोजनासाठी पहुडण्याचे ओटे आणि मध्यभागी वेदी अशी त्याची रचना आहे. वेदीवर वृषभाचा वध करणारा मिथ्र कोरलेला असून बाजूंवर मशालधारी कौटेस व कौटोपातेस आहेत. ग्नेयस आरियस क्लॉडियानस याने ‘पिता’ या नात्याने वेदी स्थापन केल्याचे लेखावरून कळते. ‘पिता’ ही त्या पंथातील सर्वोच्च दीक्षेची पदवी होती.

आता तिसरी समजूत पाहू जाता, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख असलेल्या क्लेमेंटचे घर येथे होते, असे परंपरा सांगते. करिंथ येथील मंडळीस लिहिलेले एक प्रसिद्ध पत्र त्याच्या नावावर आहे. त्याच सुमारास टायटस फ्लेव्हियस क्लेमेन्स नावाचा, सम्राट डोमिशियनचा चुलतबंधू असलेला कॉन्सल इ. स. ९५ मध्ये देहान्त शासनास पात्र ठरला. पोप क्लेमेंट हा या कॉन्सलच्या कुटुंबाशी संबंधित असावा, घर त्या कुटुंबाचे असावे आणि तेथे गुप्तपणे ख्रिस्ती उपासना होत असावी, अशी अनुमानांची मालिका एकोणिसाव्या शतकात रचली गेली. रोममधील जुनी चर्चे पुष्कळदा जागेच्या मूळ मालकाच्या नावाने ओळखली जात, हे खरे आहे. पण मग हा मालक क्लेमेन्स नावाचा कोणीही अज्ञात नागरिक असू शकतो. पुढे त्याच नावाच्या संताची स्मृती त्या नावास चिकटली असणे अगदी शक्य आहे. चौथ्या शतकापूर्वी येथे ख्रिस्ती उपासना होत होती असे सिद्ध करणारी एकही वस्तू खालच्या स्तरात मिळालेली नाही. जे उपासनास्थान तेथे निःसंशय होते ते मिथ्राचे.

यातूनच एक नवी, आधुनिक समजूत जन्मास आली : विजयी ख्रिस्ती धर्माने पराभूत मिथ्राच्या मस्तकावर आपली वेदी उभारली. हे चित्र आकर्षक असले तरी भूमितलाचा आराखडा त्यास पुरतेपणी अनुकूल नाही. चौथ्या शतकातील चर्चचे मध्यदालन व बाजूची दालने मोठ्या दगडी इमारतीवर उभी आहेत. केवळ गाभारा मधला बोळ ओलांडून विटांच्या इमारतीच्या बाजूस गेला आहे. म्हणजे चर्चला मुख्य जागा मिळाली ती दगडी इमारतीची, आणि मिथ्राच्या इमारतीचा काही भाग हा विस्तार करताना व्यापला गेला. फेदेरिको ग्विदोबाल्दी याने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अभ्यासात या चर्चची उभारणी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धाच्या अखेरीकडे नेली आहे. सम्राट थिओडोशियसने इ. स. ३९१–३९२ मध्ये जुन्या देवतांची उपासना निषिद्ध केली, तो हाच कालखंड. त्यामुळे मिथ्राचे उपासनागृह त्या सुमारास बंद पडले असण्याचा संभव आहे. परंतु बंद पडल्यामुळे जागा मोकळी झाली की जागा हवी म्हणून ते बंद करण्यात आले, याचा निर्णय दगड-विटांवरून करता येत नाही.

४. समारोप

सान क्लेमेंतेच्या तीन स्तरांचा विचार करता एक गोष्ट विशेषत्वाने दिसून येते. येथे लिखित साधन खोटे ठरले असे एकदाही घडले नाही. जेरोमचा उल्लेख सत्य होता, कठड्यावरील अक्षरमुद्रा सत्य होती, नॉर्मनांची आग सत्य होती आणि क्लेमेंट नावाचा धर्मप्रमुखही ऐतिहासिक होता. चूक झाली ती हे सत्य उल्लेख समोरच्या वास्तूशी जोडताना. जेरोमच्या शब्दांना वरचे चर्च, आगीच्या वृत्तांताला खालच्या चर्चचा अंत आणि संताच्या नावाला विटांची भिंत, अशी सांगड घालण्यात आली. आणि ही सांगड प्रत्येक वेळी इतकी स्वाभाविक वाटली की ती वेगळी सिद्ध करावयास हवी, याचेही भान राहिले नाही.

यावरून उत्खनन हे ग्रंथप्रामाण्यापेक्षा श्रेष्ठ, असा सरसकट निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. १०९९ च्या निवडणुकीचा लिखित उल्लेख नसता तर आगीच्या कल्पनेचे निराकरण इतक्या स्पष्टपणे झाले नसते. आणि आसनावरील अनास्तासियसच्या लेखाकडे योग्य लक्ष दिले गेले असते तर कुदळ हाती घेण्यापूर्वीच वरच्या चर्चच्या प्राचीनत्वाविषयी शंका उत्पन्न झाली असती. साधनांमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम लावण्यापेक्षा प्रत्येक साधन नेमके कोणत्या वस्तूविषयी व कोणत्या काळाविषयी बोलते, हे तपासणे अधिक फलदायी ठरते.

मस्तके कापली गेलेले ते भित्तिचित्र या दृष्टीने सर्व स्थळाचे प्रतीक म्हणावे लागेल. ज्यांनी ते काढविले त्यांना आपले चर्च एका पिढीच्या आत मातीने भरले जाणार आहे, याची कल्पना नव्हती. आणि ज्यांनी ते भरले त्यांनी त्यातील संगमरवर तेवढे वर नेले व चित्रे अंधारात सोडली. तो भराव सात शतकांहून अधिक काळ अबाधित राहिला म्हणूनच बेनो व मारिया यांची नावे आणि सिसिन्नियसची शिवी आज वाचता येते. जे वापरात राहिले ते बदलत गेले. जे टाकून दिले गेले ते टिकले.